रजिस्ट्रीत नोंद असलेली जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

फोंड्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मूळ पत्र मोठे आहे, त्यातील मुख्य भाग असा :

"माझे वय ३८ वर्षे. माहेर डिचोलीचे. आईला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारांनी ती बरी झाली आणि आज ६७ वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अंडाशयाच्या कर्करोगाने ५२ व्या वर्षी गेली. अलीकडे आमच्या डॉक्टरांनी बीआरसीए चाचणीचा, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका दाखवणाऱ्या जनुकांच्या तपासणीचा विषय काढला. त्यानंतर एका खासगी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने अनेक जनुके एकदम तपासणाऱ्या पॅनलचे माहितीपत्रक आणून दिले. मस्कतला असलेल्या माझ्या भावाने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा ही चाचणी अमेरिकी सरकारच्या जनुकीय चाचण्यांच्या रजिस्ट्रीत नोंदलेली आढळली. तो म्हणतो, 'अमेरिकेच्या सरकारने मान्य केलेली चाचणी आहे, डोळे झाकून कर.' मला तीन गोष्टींची चिंता वाटते. ही खरोखर मान्यता आहे का? आमच्या घराची माहिती त्या सार्वजनिक रजिस्ट्रीत जाऊन जगासमोर उघडी पडेल का? आई म्हणते, 'माझे व्हायचे ते होऊन गेले, आता माझे रक्त कशाला?' मग मी एकटीनेच चाचणी करावी का? वहिनीला तर वाटते की माझ्या १५ वर्षांच्या भाचीचीही चाचणी याच वेळी उरकून घ्यावी."

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पैसे भरण्याचा निर्णय त्यावर टेकलेला दिसतो. त्या रजिस्ट्रीत चाचणीची नोंद असणे म्हणजे अमेरिकी सरकारची मान्यता नव्हे. आपल्या भावाचा हेतू चांगला आहे, आणि त्याने शोधून काढलेली जागाही उपयोगाची आहे, परंतु तिचा अर्थ त्याने चुकीचा लावला आहे. ती नोंद प्रयोगशाळेने स्वतःहून, स्वतःच्या शब्दांत भरलेली असते. म्हणून तूर्त पैसे भरू नयेत. ती नोंद उघडून नीट वाचावी. त्यात काय लिहिले आहे आणि कोणते रकाने कोरे सोडले आहेत, या दोन्ही गोष्टींवरून प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न तयार करावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मागून घ्यावीत.

ही रजिस्ट्री कशासाठी निघाली हे समजले, तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हेही समजेल. जनुकीय चाचण्यांची संख्या वाढू लागली तेव्हा कोणत्या रोगाची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत होते, हे डॉक्टरांनाही कळेनासे झाले. वॉशिंग्टन विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेल्या एका सूचीने ही गरज बरीच वर्षे भागवली. पुढे ती जीनटेस्ट्स या नावाने ओळखली गेली. परंतु चाचणी कुठे होते, एवढे कळून भागत नव्हते. ती कोणत्या पद्धतीने होते, तिच्या अचूकतेचा पुरावा काय आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हेही एका जागी मिळावे या हेतूने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०१० साली जेनेटिक टेस्टिंग रजिस्ट्री काढण्याचे जाहीर केले आणि २०१२ च्या फेब्रुवारीत ती सर्वांसाठी खुली झाली. तिचे काम राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या जैवमाहिती केंद्राकडे आहे. अमेरिकेबाहेरील प्रयोगशाळाही तीत नोंद करू शकतात. नोंद करणे ऐच्छिक आहे, आणि प्रयोगशाळांनी भरलेल्या माहितीची स्वतंत्र पडताळणी केली जात नाही, तसेच कोणत्याही चाचणीची वा प्रयोगशाळेची शिफारस केली जात नाही, हे एनआयएचने तिथेच स्पष्ट लिहिलेले आहे.

आणखी एक बाब आपल्या भावाच्या कानावर घालावी. एनआयएच ही संशोधनाची संस्था आहे. औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांना परवानगी देणारी अमेरिकेतील संस्था निराळी आहे, तिचे नाव एफडीए. प्रयोगशाळांनी स्वतःच विकसित केलेल्या बहुतेक जनुकीय चाचण्या एकेक करून एफडीएच्या तपासणीखालून गेलेल्या नसतात. अशा चाचण्या टप्प्याटप्प्याने आपल्या देखरेखीखाली आणण्याचा नियम एफडीएने २०२४ साली केला होता, तो टेक्सासमधील संघराज्य न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये रद्दबातल ठरवला. तेव्हा "अमेरिकी सरकारने मान्य केलेली" हे शब्द प्रतिनिधीच्या तोंडूनही ऐकू आले, तर कोणत्या संस्थेने, कोणत्या चाचणीला आणि कोणत्या कागदाने मान्यता दिली, एवढे त्याला विचारावे.

लग्न जमवताना वरपक्षाने पाठवलेला बायोडेटा आपण खोटा मानत नाही, तरी त्यावर विसंबून मुलगीही देत नाही. शिक्षण, नोकरी, घरदार यांची चौकशी कुठे करायची, हे त्या कागदावरून कळते आणि मग चार माणसांकडून खात्री करून घेतली जाते. रजिस्ट्रीतील नोंदीचा उपयोग तेवढा आहे, आणि तो काही थोडा नाही.

आता नोंद वाचायची कशी, हे जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक चाचणीला एक क्रमांक दिलेला असतो. जीटीआर ही अक्षरे, पुढे नऊ अंक, मग एक टिंब आणि त्यानंतर आवृत्तीचा आकडा. माहितीपत्रकावरील चाचणी आणि भावाने पाहिलेली चाचणी एकच आहे का, हे चाचणीच्या केवळ नावावरून ठरवू नये. एकाच प्रयोगशाळेच्या मिळत्याजुळत्या नावाच्या अनेक चाचण्या असू शकतात, म्हणून प्रतिनिधीकडून हा क्रमांक मागून घ्यावा. त्यानंतर माहिती शेवटची कधी अद्ययावत केली, ती तारीख पाहावी. जनुकांविषयीचे ज्ञान इतक्या वेगाने बदलते आहे की चार-पाच वर्षे कोणी हात न लावलेल्या नोंदीवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही.

यानंतर पाहायची ती चाचणीची पद्धत. माझ्या मते संपूर्ण नोंदीत याहून महत्त्वाचा रकाना नाही, आणि ग्राहकाची नजर नेमकी त्यावरूनच घसरते. "बीआरसीए चाचणी" या एकाच नावाखाली अगदी निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एका अमेरिकी कंपनीच्या घरबसल्या लाळ देऊन करायच्या चाचणीला एफडीएने २०१८ साली परवानगी दिली, तेव्हा ती बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या दोन जनुकांतील केवळ तीन बदल शोधत होती. ते तीन बदल प्रामुख्याने अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील मूळ असलेल्या, ज्यू समाजात आढळणारे आहेत. या दोन जनुकांत रोगकारक बदल तर हजाराहून अधिक ज्ञात आहेत. अशी चाचणी गोव्यातील एखाद्या स्त्रीने केली आणि "दोष आढळला नाही" असे उत्तर आले, तर तिला वाटणारा दिलासा पोकळ असेल. आपल्याला हवी आहे ती दोन्ही जनुकांचा प्रथिन घडवणारा संपूर्ण भाग एकेक अक्षर (डीएनएचे घटक अक्षरांनी दाखवतात) करून वाचणारी चाचणी. शिवाय जनुकाचा मोठा तुकडा गळलेला असणे किंवा दुप्पट झालेला असणे हा प्रकार नुसत्या अक्षरवाचनात हुकू शकतो. तो स्वतंत्रपणे तपासला जातो का, हे नोंदीत "डिलिशन-डुप्लिकेशन अ‍ॅनॅलिसिस" अशा शब्दांत दिलेले असते. ते शब्द दिसले नाहीत, तर प्रयोगशाळेला स्पष्ट विचारावे.

हे वाचन किती सूक्ष्म असते, ते एका प्रत्यक्ष नोंदीवरून ध्यानात येईल. अहवालात "बीआरसीए१, सी.६८_६९डेल" असे काहीसे लिहिलेले असते. बीआरसीए१ जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या मजकुरातील ६८ वे आणि ६९ वे, अशी दोन अक्षरे गळली आहेत, असा त्याचा अर्थ. हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. दोनच अक्षरे गेल्यामुळे त्यापुढचे सगळे गट सरकतात, भलताच मजकूर तयार होतो आणि प्रथिन सुरुवातीलाच तुटते. बीआरसीए१ चे काम पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्यात हातभार लावणे हे आहे. ते काम थांबले की स्तन आणि अंडाशय यांच्या पेशींत चुका साचत जातात. वर सांगितलेल्या तीन बदलांपैकी हा एक आहे. भारतीय कुटुंबांतही तो सापडलेला आहे, परंतु आपल्याकडील रोगकारक बदलांपैकी तो केवळ एक, हे विसरता येत नाही.

नोंदीत पुराव्याचे तीन रकाने असतात. प्रयोगशाळा अक्षरे बिनचूक वाचते का, हा पहिला. वाचलेल्या बदलाचा रोगाशी खरोखर संबंध आहे का, हा दुसरा. आणि तो कळल्यामुळे रुग्णाच्या हिताचे काही करता येते का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या हातात आहे आणि ते तिने आकड्यांत द्यायला हवे; "आमची चाचणी अत्यंत अचूक आहे" हे काही उत्तर झाले नाही. बाहेरून आलेले गुणवत्तेचे नमुने तपासून प्रयोगशाळा आपली परीक्षा देते का, याविषयीही नोंदीत माहिती असते, तीही पाहावी. बीआरसीएच्या बाबतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांना जगभरच्या संशोधनाचा भक्कम आधार आहे, त्यामुळे तिथे प्रयोगशाळेने दोनच ओळी लिहिल्या असतील तरी घाबरू नये. माझी हरकत आहे ती पॅनलमधील इतर जनुकांबाबत. मोठ्या पॅनलमध्ये अशीही जनुके घातलेली असतात, ज्यांचा स्तनाच्या वा अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध अजून पुरता सिद्ध झालेला नाही. जनुकांची संख्या जितकी मोठी, तितकी चाचणी चांगली, असा समज माहितीपत्रकांनी पसरवला आहे, आणि तो घातक आहे असे मला मनापासून वाटते.

घातक का, तर अशा पॅनलमधून "अर्थ अनिश्चित" असे उत्तर येण्याची शक्यता वाढते. जनुकातील बदलांचे पाच वर्ग केले जातात : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यांतील मधला वर्ग अहवालात व्हीयूएस या इंग्रजी आद्याक्षरांनी येतो. आजवरची जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली असल्याने, आपल्याकडे सर्रास आढळणारा एखादा निरुपद्रवी बदलही या वर्गात पडू शकतो. भारतीयांच्या जनुकसंचांचा अभ्यास अलीकडे वाढतो आहे. जीनोमइंडिया प्रकल्पातील सुमारे दहा हजार जणांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली, आणि त्यामुळे ही उणीव हळूहळू भरून निघेल. तोपर्यंत एक पथ्य सांभाळावे : अर्थ अनिश्चित असलेल्या बदलाच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. असे अहवाल हातात धरून, आपल्याला कर्करोग होणारच अशा समजुतीने रात्ररात्र जागणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांना कोणीही नीट समजावून सांगितलेले नसते.

रजिस्ट्रीच्या नोंदीत यासंबंधी एक सोय आहे, आणि आपल्या भावाने तिकडे पुन्हा एकदा बघावे अशी माझी विनंती आहे. असा अनिश्चित बदल सापडल्यास त्याचा अर्थ लावण्यासाठी प्रयोगशाळा घरच्या इतर व्यक्तींचे नमुने विनामूल्य तपासून देते का, आणि पुढे काही वर्षांनी त्या बदलाचे वर्गीकरण पालटले तर ती आपल्या डॉक्टरांना आपणहून कळवते का, असे प्रश्न तिथे प्रयोगशाळांना विचारलेले असतात. यांची उत्तरे देणे ऐच्छिक आहे. दहा वर्षांनी आपल्या अहवालातील ओळीचा अर्थ बदलला आणि कोणी आपल्याला कळवलेच नाही, तर त्या अहवालाचा उपयोग काय? ही उत्तरे कोरी असतील, तर नमुना देण्यापूर्वी प्रयोगशाळेकडून ती लेखी मिळवावीत.

आपल्या दुसऱ्या चिंतेविषयी मात्र निर्धास्त राहावे. या रजिस्ट्रीत चाचण्यांची माहिती असते, माणसांची नसते. आपले, आईचे वा मावशीचे नाव किंवा अहवाल तिथे जात नाही. क्लिनव्हार नावाचा दुसरा एक सार्वजनिक संग्रह रजिस्ट्री चालवणाऱ्या त्याच जैवमाहिती केंद्राकडे आहे आणि त्यात प्रयोगशाळा सापडलेल्या बदलांची व त्यांच्या अर्थाची नोंद करतात. परंतु तिथेही रुग्णाचे नाव जाहीर केले जात नाही, आणि अनिश्चित बदलांचे कोडे उलगडते ते अशाच देवाणघेवाणीमुळे. माहिती उघडी पडण्याची खरी जागा आपल्या जवळच आहे, ती म्हणजे नमुना देताना सही करायचे संमतिपत्र. नमुना किती वर्षे ठेवणार, तो संशोधनासाठी किंवा इतर कंपन्यांना देणार का आणि नको म्हणण्याची मुभा आहे का, हे त्यात लिहिलेले असते. प्रतिनिधी दारात उभा असताना त्यावर सही करू नये. कागद घरी ठेवून घ्यावा, दिव्याखाली बसून सावकाश वाचावा आणि नको असलेल्या कलमावर तसे लिहूनच परत द्यावा.

आता आईविषयी, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. अशा कुटुंबात चाचणी प्रथम ज्या व्यक्तीला रोग होऊन गेला आहे तिची करायची असते, आणि आपल्या सुदैवाने ती व्यक्ती हयात आहे. आईमध्ये रोगकारक बदल सापडला, तर तो आपल्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. मग आपली चाचणी फक्त त्या एका जागेपुरती करता येते. ती तुलनेने स्वस्त पडते आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध असते. आईकडे असलेला बदल आपल्याकडे नसेल, तर त्या बदलामुळे येणारा वाढीव धोका आपल्याला नाही. याउलट आई तपासलीच गेली नाही आणि आपल्या एकटीच्या चाचणीत काही आढळले नाही, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : घरातला दोष आपल्याकडे आला नाही, किंवा घरातला दोष या चाचणीला दिसणाऱ्यांपैकी नाहीच. यांतील कोणता अर्थ खरा, हे कोणीही सांगू शकणार नाही, आणि पैसे खर्चूनही आपण आज आहात तिथेच राहाल. प्रतिनिधी हे सांगत नाही, कारण तो आपला नमुना घ्यायला आलेला असतो.

आईचे "माझे व्हायचे ते होऊन गेले" हे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर नाही. तिच्यात बीआरसीएचा दोष असेल, तर दुसऱ्या स्तनाला आणि विशेषतः अंडाशयाला असलेला धोका ६७ व्या वर्षीही संपलेला नसतो, आणि धाकटी बहीण त्याच रोगाने गेलेली आहे. ही चाचणी लेकीसाठी आहे तितकीच तिच्या स्वतःसाठीही आहे, असे तिला सांगावे. अशा नकारामागे पुष्कळदा एक न बोललेले भय असते, ते म्हणजे आपणच मुलांच्या पदरात हे टाकले की काय, हे. आईच्या मनात ते असेल, तर तिला हे जरूर सांगावे की हा दोष असलाच तर तो तिलाही तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आला असणार, आणि त्यात कोणाचा अपराध नाही. हे बोलणे चारचौघांत न करता दोघींनीच बसून करावे. एवढे करूनही ती नाही म्हणाली, तर तिच्या इच्छेचा मान राखावा. मग आपण स्वतःची संपूर्ण वाचनाची चाचणी करू शकता, मात्र निरोगी उत्तराचा अर्थ मर्यादित आहे हे आधीच स्वीकारून.

नमुना देण्याआधी घरची माहिती गोळा करावी. तिला पैसे पडत नाहीत आणि बऱ्याचदा निर्णय तिच्यावरच फिरतो. मावशीचे जुने कागद तिच्या मुलांकडे असतील, तर बायोप्सीच्या अहवालात "हाय-ग्रेड सीरस" हे शब्द आहेत का ते पाहावे, कारण अंडाशयाच्या कर्करोगाचा हा प्रकार असेल तर बीआरसीएचा संशय बळावतो. आईच्या कागदांत ईआर आणि पीआर यांची, म्हणजे गाठीतील संप्रेरक-ग्राहकांची, तपासणी झाली होती का, तेही बघावे. गोव्यात एक अडचण नेहमी येते : लग्नानंतर आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची रीत आपल्याकडे होती, त्यामुळे एकाच स्त्रीचे जुने कागद माहेरच्या नावाने आणि नंतरचे सासरच्या नावाने असतात, आणि ते एकाच व्यक्तीचे आहेत हे मुलांच्याही लक्षात येत नाही. म्हणून दोन्ही नावे लिहून ठेवावीत. आजोबांच्या बाजूचीही चौकशी करावी. हे दोष पुरुषांकडूनही पुढे जातात. स्वतः निरोगी राहिलेला पुरुष तो मुलीला देऊ शकतो, आणि बीआरसीए२ मध्ये दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या व स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. "हा बायकांचा विषय" म्हणून आपल्या भावाला यातून बाजूला राहता येणार नाही. जत्रेला किंवा चतुर्थीला मूळ घरी सगळे जमतात, तेव्हा वडीलधाऱ्या बायकांजवळ बसून कोण कशाने आणि कोणत्या वयात गेले हे विचारून घ्यावे. "पोटात गाठ झाली होती" एवढेच उत्तर मिळाले, तरी ते लिहून ठेवावे.

हा सगळा कागद घेऊन बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील कर्करोगतज्ज्ञांना भेटावे आणि जनुकीय समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती करावी. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राकडे कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र सेवा आहे. आपल्याकडील अनेक कुटुंबांचे उपचारांसाठी तिथे जाणे-येणे असते, आईचे जुने कागद तिथले असतील तर ते सोयीचेही होईल. समुपदेशन चाचणीच्या आधी व्हावे आणि अहवालानंतर पुन्हा व्हावे. समुपदेशक प्रयोगशाळेच्याच पगारावर असेल, तर त्याचे ऐकावे, पण आणखी एक मत घ्यावे. प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांचे प्रमाणन करणाऱ्या भारतीय मंडळाचे, प्रमाणपत्र पाहावे, आणि त्याला जोडलेली व्याप्तीची यादीही पाहावी. हे प्रमाणन ठरावीक चाचण्यांपुरते असते. रक्तातील साखरेच्या तपासणीसाठी मिळालेले प्रमाणपत्र जनुकवाचनाला लागू होत नाही.

उत्तर रोगकारक आले तर पुढे काय, हेही आजच विचारात घ्यावे, कारण आपले वय ३८ आहे. बीआरसीएचा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठांहून अधिक जणींना आयुष्यात स्तनाचा कर्करोग होतो असे अंदाज आहेत. बीआरसीए१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका शंभरी चाळीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरला जातो, बीआरसीए२ मध्ये तो बराच कमी असतो. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य कुटुंबांवरून काढलेले आहेत. अशा स्त्रियांसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करण्याची पद्धत आहे. अंडाशयाचा कर्करोग वेळेत पकडणारी खात्रीची तपासणी मात्र उपलब्ध नाही, म्हणून मुले झाल्यावर अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला बीआरसीए१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ या वयात दिला जातो. म्हणजे चौकशी करायला महिना-दोन महिने जरूर घ्यावेत, पण हा विषय वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासारखा नाही.

राहिला भाचीचा प्रश्न. तिची चाचणी आता करू नये, आणि हे वहिनींना जरा ठामपणे सांगावे. बीआरसीएमुळे येणारा धोका प्रौढ वयातला आहे. १५ व्या वर्षी उत्तर कळले तरी तिच्यासाठी लगेच करण्यासारखे काही नसते, उलट दहावी-बारावीच्या वयात तिच्या मनावर ओझे पडते आणि घरातले लोक तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. शिवाय आई, आपला भाऊ आणि मग ती, या क्रमाने पाहिल्यास आई किंवा भाऊ यांच्यातच दोष सापडला नाही तर तिच्या चाचणीची गरजच उरणार नाही. घरात दोष निश्चित झाला आणि तो भावाकडेही निघाला, तर ती सज्ञान झाल्यावर तिला सगळे कागद दाखवावेत, समुपदेशकाशी तिची गाठ घालून द्यावी आणि चाचणी करायची की नाही, व केव्हा, हे तिचे तिला ठरवू द्यावे.